पाण्याला जाताना: पौषातलं किब्बर

अंघोळीला बादलीभर गरम पाणी मिळेल का, असं मी विचारलं, तेव्हा किब्बरला मी उतरले होते त्या घरातल्या ताईंनी आधी चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाकडे. "हां दीदी, मिलेगा," म्हणत त्या उठल्या. अर्ध्या तासाने पाणी आलं. पाच थर कपडे उतरवून, कुडकुडत, मी ते सगळं अंगावर ओतलं. पुण्याहून निघाल्यापासूनची धूळ केसांत होती. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिंपाचं झाकण उघडून पाहिलं, तर तळाशी वीतभर पाणी होतं आणि त्यावर बर्फाची साय धरली होती.

मी माण तालुक्यातली. दहिवडीजवळच्या वाडीत टँकर यायचा त्या वर्षांत माझं बालपण गेलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेवर कळशी. पाण्याच्या रांगेत सांडलेल्या थेंबावरूनही भांडणं व्हायची. रिकामं पिंप कसं दिसतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरीही पहिल्याच संध्याकाळी मी बादली मागितली. समोरच्या शिखरांवर बर्फ चमकत होता आणि तो पाहून मी पाण्याचा प्रश्न मनातून काढूनच टाकला होता.

किब्बर हे हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यातलं गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,200 मीटरवर. अडीच कळसूबाई एकीवर एक ठेवल्या, तरी या गावाचा उंबरठा जेमतेम गाठता येईल. मी तिथे होते 2024 च्या जानेवारी अखेरीला. उन्हाळ्यात मनालीकडून कुंझुम खिंड ओलांडून स्पितीत उतरता येतं. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून शेजारच्या लाहौल खोऱ्यात हिवाळ्यातही जाता येतं, पण कुंझुम हिवाळ्यात बंदच. मग उरतो एकच रस्ता: शिमला, रामपूर, रेकाँग पिओ आणि पुढे सतलजच्या काठाकाठाने. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून नदी बदलते आणि झाडं जवळजवळ संपतात.

हा प्रवास मी मुद्दाम रेंगाळत केला. पिओला दोन रात्री, ताबोला एक, काझ्याला दोन. उंचीशी शरीराची ओळख हळूहळूच व्हावी लागते. किब्बरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचं विचारून घेतलं होतं. तरी काझ्याच्या पहिल्या रात्री डोकं असं ठणकलं की डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी काहीही न करता बसून राहिले आणि संध्याकाळी ठणका उतरला. ज्यांना जायचंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: तो रिकामा दिवस वाचवू नका.

ताबोच्या मठाबद्दल थोडं लिहिते, मग पुढे जाते. तो 996 मध्ये बांधला गेला. ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे हा मठ तिच्याही सुमारे तीनशे वर्षं आधीचा. बाहेरून पाहिलं तर मातीचे बुटके ढिगारे. आत अंधारात भिंतीभर चित्रं. मातीच्या भिंती हजार वर्षं उभ्या राहतात, कारण इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. तेव्हा मी "वा!" म्हणून बाहेर पडले. त्या कोरडेपणाचा दुसरा अर्थ किब्बरला कळला.

घर दोन मजली, मातीचं, पांढरं रंगवलेलं. खाली गुरं, वर माणसं. सपाट छपराच्या कडेने सरपण आणि वाळलेला चारा रचलेला. हिवाळ्यात बाकीच्या खोल्या बंद करून सगळं घर एका खोलीत येतं. खोलीच्या मध्यावर तंदूर. हा तंदूर रोटीचा नव्हे. पत्र्याची चौकोनी चूल, तिचं धुराडं छतातून वर गेलेलं. तिच्याभोवती जेवण, अभ्यास, लोकर कातणं, माळ ओढणं, झोप. तिच्यात सरपण आणि शेणी जळतात. शेणीचा तो वास नाकात गेला आणि मला आजीचं घर आठवलं. याकचं आणि म्हशीचं शेण जळताना फारसा फरक नसतो.

घरात पाच माणसं. ताई, त्यांचे यजमान, दोन मुलं आणि मेमे, म्हणजे आजोबा. मेमेंना हिंदी बेताचं येत होतं, मला त्यांची बोली अजिबात नाही. तरी आमचं जमलं.

त्या सकाळी पिंप पाहिल्यावर मी ताईंच्या मागे लागले, मलाही पाण्याला यायचंय. "आप रहने दो दीदी, फिसल जाओगे." पण मी गेलेच. नळ गावात आहेत. नोव्हेंबर सरता सरता ते गोठतात आणि वसंतापर्यंत मुके राहतात. आमच्या घराचं पाणी गावाच्या खालच्या अंगाला होतं. तिथे एक झरा पाइपात घेतलेला, आणि तो रात्रंदिवस वाहता ठेवलेला. वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो, म्हणून त्याला कधीच बंद करायचं नाही. तरी पाइपाच्या तोंडाशी बर्फाची दाढी वाढते. सकाळी पहिली येणारी बाई पहारीने ती फोडते.

उतरताना काही वाटलं नाही. ताईंच्या पाठीवर दोरीने बांधलेला वीस लिटरचा कॅन, माझ्या हातात दहाचा. पाइपाजवळ चार-पाच बायका होत्या, दोन गाई आणि एक गाढव. गाढव आपल्या पाळीची वाट बघत शांत उभं. कॅन भरला की झाकण घट्ट लावायचं आणि तोंडाजवळचं पाणी लगेच पुसायचं, नाहीतर झाकण तिथेच चिकटून बसतं. माझं बोटभर पाणी सांडलं, तर एका म्हातारीने काही न बोलता त्यावर राख टाकली. राखेचं डबडं तिथेच ठेवलेलं असतं. सांडलेलं पाणी म्हणजे दहा मिनिटांत काच, आणि त्या काचेवरून पुढची बाई पडणार. आमच्या वाडीत सांडलेल्या पाण्यासाठी शिव्या बसायच्या, इथे राख पडते.

चढताना मात्र सगळं कळलं. वीस पावलं आणि थांबा. पंधरा पावलं आणि थांबा. दहा लिटर म्हणजे दहा किलो, लहानपणी त्याच्या दुप्पट मी पळत नेलंय. इथे छातीत भाता चालल्यासारखा श्वास, आणि हातमोज्याच्या आत बोटं बधिर. ताई माझ्या पुढे, माझ्या दुप्पट वजन घेऊन, पाय न अडखळता, मधूनच मागे वळून "धीरे, धीरे" म्हणत होत्या. घरी आले तेव्हा माझ्या कालच्या अंघोळीचा हिशेब झाला: ही पूर्ण फेरी, वर तापवायला लागलेल्या शेणी.

ताईंनी मला तसं कधी जाणवूही दिलं नाही. त्यानंतर मीच विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. माणसं आणि गोठ्यातल्या दोन जनावरांना मिळून दिवसाला सहा कॅन. एक पाहुणा जपून राहिला तर अर्धा कॅन वाढतो, न जपणाऱ्याचा हिशेब नाही. उंचीवर भरपूर पाणी प्या असं प्रत्येक जण बजावतो आणि ते खरंच आहे. मीही रोज तीन लिटर पीत होते. पण मग बाकीचं कमी करायला हवं. अंघोळ बंद. रोज रात्री कपभर गरम पाण्यात रुमाल भिजवून अंग पुसायचं. अंथरुणात घ्यायच्या बाटलीत उकळतं पाणी भरायचं, रात्रभर पाय शेकायचे आणि सकाळी तेच कोमट पाणी प्यायचं. ताटं आधी राखेने आणि फडक्याने कोरडी पुसायची, मग पसाभर पाण्यात विसळायची. तांदूळ धुतलेलं पाणी गाईला.

आणि संडास. शहरातली माणसं याच गोष्टीला सर्वांत जास्त घाबरतात, पण मला त्या घरात तीच सर्वांत शहाणपणाची वाटली. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, जमिनीला चौकोनी भोक, बाजूला माती आणि कोरड्या शेणाच्या भुग्याचा ढीग, त्यात खोचलेलं फावडं. काम झालं की दोन फावडी माती खाली लोटायची. पाण्याचा थेंब नाही आणि थंडीत वासही नाही. वसंतात खालच्या खोलीचं दार उघडून ते सगळं शेतात जातं. आपल्याकडे याला सोनखत म्हणतात. या खडकाळ उंचीवर जव आणि मटार त्याच्यावरच पिकतात.

गावात मी एका ठिकाणी पाहुण्यांसाठी खास बांधलेली न्हाणीघरं पाहिली, फ्लश आणि गिझरसकट. ती चालू ठेवायला खालून गाडीने पाणी आणत होते. पाहुण्यांनी मागितलं म्हणून त्यांनी बांधलं. मला दोष त्यांना द्यावासा वाटत नाही, मागणाऱ्यांना द्यावासा वाटतो, आणि पहिल्या संध्याकाळपुरती मी त्यांच्यातच होते.

25 जानेवारीला पौर्णिमा होती. आपली शाकंभरी पौर्णिमा. रात्री छपरावर गेले तर हातातल्या कपातल्या चहाला थोड्या वेळात बर्फाची कड धरली. चांदणं इतकं लख्ख की पलीकडच्या चिचम गावाची घरं मोजता यावीत. मधली दरी तेवढी काळी. 2017 मध्ये त्या दरीवर पूल झाला. त्याआधी लोक तारेवरच्या पाळण्यात बसून दोर ओढत पलीकडे जायचे. पण त्या चांदण्यात मला एक गोष्ट खटकली. गावाभोवतीचे उतार पांढरे नव्हते. तपकिरी, उघडे, ताबोच्या भिंतींसारखे. सावलीतल्या घळींमध्ये तेवढे बर्फाचे जुने तुकडे.

मी बर्फ पाहायला आले होते, म्हणून आधी मला वाईट वाटलं ते फोटोंसाठी. मग पाहिलं की मेमे रोज दुपारी छपराच्या पश्चिम कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. हातात माळ, नजर आभाळात. दुसऱ्या दिवशी ते, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मला ती नजर ओळखू आली. मृग कोरडा चालल्यावर माझे वडील ओट्यावर उभे राहून असेच पाहायचे.

ताईंच्या यजमानांना विचारलं तेव्हा त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. आपला मोसमी पाऊस हिमालयाच्या पुढच्या रांगा चढतानाच रिकामा होतो, स्पितीपर्यंत फारसा पोचत नाही. इथलं वर्षाचं पाणी हिवाळ्यातच येतं, पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या ढगांतून, बर्फ होऊन. तो बर्फ वरच्या उतारांवर साठून राहतो आणि उन्हाळ्यात वितळतो. मग तो कूलमधून, म्हणजे डोंगराच्या कडेने खोदलेल्या पाटांतून, शेतात उतरतो. त्यावर हिरवा मटार. मटार हेच इथलं रोख पीक: मुलांच्या फिया, औषधं, गॅस, सगळं त्यातून. जानेवारीत बर्फ नाही, म्हणजे जुलैत पाट कोरडे. त्या वर्षीचा जानेवारी हिमाचलभर जवळजवळ कोरडा चालला होता. सफरचंदवालेही काळजीत होते. "टूरिस्ट बोलता है रास्ता खुला है, अच्छा है," ते म्हणाले आणि गप्प झाले. काझ्यात मीही अगदी तेच म्हणाले होते.

मधल्या दिवसांत एकदा त्यांच्याबरोबर वरच्या कुरणाकडे गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला किब्बरच्या लोकांनी वन्यजीव अभ्यासकांशी बोलून आपल्या कुरणाचा एक तुकडा गुरांना बंद केला, भरल या रानमेंढ्यांना गवत मिळावं म्हणून. भरल वाढल्या तर हिमबिबट्याला शिकार मिळते आणि तो गोठ्यात कमी शिरतो. पुढे गुरांचा विमाही सुरू झाला. आता त्याच हिमबिबट्याला पाहायला हिवाळ्यात मोठाल्या दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन लोक येतात आणि गावातल्या तरुणांना थंडीतही काम मिळतं. मला भरलांचा सोळा जणांचा कळप दिसला, दगडांतून दगडच उठून चालावेत तसा. हिमबिबट्या दिसला नाही. घळीतल्या जुन्या बर्फावर त्याची पावलं मात्र दिसली, माझ्या पंजाहून थोडी लहान, आणि मागे शेपटी टेकल्याची एक पुसट रेघ. मी बराच वेळ तिथे बसून राहिले. मला ते पुरलं.

30 तारखेला दुपारनंतर हवा बदलली. वारा पडला. थंडी कमी झाल्यासारखी वाटली आणि पश्चिमेची शिखरं दिसेनाशी झाली. मेमे खाली आले, तंदूरजवळ बसले आणि माळेचा वेग वाढला. कुणीच काही बोललं नाही. आमच्याकडेही वळीव अंगावर येताना कुणी मोठ्याने बोलत नाही, बोललं तर ढग जातील असं वाटतं.

रात्री आवाज नाहीसे झाले. कुत्री नाहीत, वारा नाही. सकाळी दार उघडायला दोघांना जोर लावावा लागला. बाहेर मांडीपर्यंत बर्फ, आणि अजून पडतच होता.

पहिलं काम छपराचं. मातीच्या छपरावर बर्फ राहू दिला तर तो वितळून आत झिरपतो, म्हणून लाकडी फावड्यांनी लगेच लोटायचा. मीही लोटला, पाच मिनिटं लोटायची आणि पाच मिनिटं दम खायचा. प्रत्येक छपरावर कुणी ना कुणी होतं आणि एका छपरावरून दुसऱ्या छपरावर हाका चालल्या होत्या. एवढं मोठ्याने बोलणारं किब्बर मी तोवर ऐकलं नव्हतं. ताईंनी खालून हाक मारली, "दीदी, आज पानी लेने नहीं जाना!"

झऱ्याची वाट बुजली होती, त्यामुळे पाणी आता दारातून. स्वच्छ जागेचा बर्फ घमेल्यात भरून आणायचा आणि तंदूरवरच्या मोठ्या पातेल्यात टाकायचा. हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मला वाटलं, हे सोपं. पण ताजा बर्फ म्हणजे बहुतेक हवाच. जवळजवळ दहा घमेली टाकावीत तेव्हा घमेलंभर पाणी. आणि बर्फाचं नुसतं पाणी व्हायला इतकी उष्णता लागते की तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. शाळेत सुप्त उष्मा म्हणून पाठ केलेला धडा मी तिथे शेणी मोजून शिकले. पातेल्याच्या तळाशी आधी थोडं झऱ्याचं पाणी ठेवावं लागतं, नाहीतर पातेलं करपतं आणि पाण्याला धुराचा वास लागतो. प्यायला ते सपक लागतं. म्हणून त्यात चहा: लोणी आणि मीठ घालून घुसळलेला. पहिल्या दिवशी मी तो औषधासारखा प्यायले होते, आता स्वतःहून मागत होते. डाळ कुकरशिवाय शिजत नाही, कारण या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं. त्या संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, थुक्पा झाला, आणि मेमेंनी जवाच्या अराकाची बाटली काढली. मला टोपणभर दिली.

वीज गेली होती, मोबाइल मुका होता. रस्ता कधी उघडेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं परतीचं तिकीट, घरची काळजी करणारी माणसं, सगळं डोक्यात फिरत होतं. आणि त्याच खोलीत बाकीचे सगळे आनंदात. रस्ता बंद झाल्याचं दुःख आणि बर्फ पडल्याचा आनंद, दोन्ही एकाच वेळी मनात येत होते. माणमध्ये पहिल्या पावसात छप्पर गळायचं तेव्हा आई पातेली मांडत हसायची, तसं काहीसं.

बर्फ थांबला त्या सकाळी मेमे मला घेऊन घरामागच्या शेतात गेले. शेत कुठलं, नुसता पांढरा उतार. त्यांनी काठी खुपसली. काठीवर दोरा गुंडाळून एक खूण केलेली होती, कुठल्या तरी जुन्या चांगल्या वर्षाची. बर्फ त्या खुणेच्या दोन बोटं खाली होता. त्यांनी काठी बाहेर काढली, पुसली, दुसऱ्या ठिकाणी खुपसली, तिसऱ्या ठिकाणी. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मटर."

मी विचारलं, रस्ता? त्यांनी हात हलवला. "दो-तीन दिन रुको. अब पानी दरवाजे पे है."

तीन दिवसांनी खालून यंत्राने रस्ता किब्बरच्या खालच्या ‘की’ गावापर्यंत उघडला. तिथवर मी ताईंच्या यजमानांबरोबर त्यांच्या पावलांत पाऊल टाकत चालत उतरले. निघताना ताईंनी माझी बाटली गरम पाण्याने काठोकाठ भरून दिली.